ट्रंकेतलं गंगावन

सौदामिनीबाईंचे केस तसे बेताचेच, पण केसांविषयीचं ज्ञान मात्र अफाट, असं लातुरातल्या त्यांच्या कॉलनीत सगळ्याच म्हणत. शाळेतून निवृत्त झाल्यापासून शिकेकाई किती, रिठे किती, संत्र्याची साल उन्हात किती दिवस वाळवायची, हे विचारायला शेजारणी त्यांच्याकडेच यायच्या आणि बाईही हातचं काही न राखता सांगायच्या. लोखंडी कढईत कोऱ्या चहाच्या पाण्यात भिजवलेली मेंदी ही तर त्यांची खासियत. नात उर्वी हे सगळं मोबाइलवर टिपायची आणि जगाला दाखवायची. एका रविवारी तिनं बाईंच्या लग्नातला फोटो कॅमेऱ्यासमोर धरला. फोटोतल्या नवरीची वेणी खांद्यावरून पुढे घेतलेली होती आणि ती थेट गुडघ्यापर्यंत पोचत होती.

"आजी, हे सगळे तुझेच केस?"

"माझेच की," बाई म्हणाल्या आणि वर हसल्या.

खोटं इतकं सहज निघालं की त्यांची त्यांनाच लाज वाटली. पंचेचाळीस वर्षांत सवय झाली होती म्हणायची.

ते केस साखराचे होते. साखरा त्यांची लांबची आतेबहीण, नायगावच्या पलीकडच्या एका खेड्यातली. शिकायला म्हणून नांदेडला बाईंच्या माहेरी राहायला आली आणि शिकता शिकता घरची धुणीभांडीही तिच्याच अंगावर पडली. पण दर रविवारी न्हाणं झालं की ती केस वाळवायला गच्चीवर जायची आणि तेव्हा खालून जाणारी माणसं मान वर करून बघायची. सौदामिनीची वेणी उंदराच्या शेपटीएवढी, त्यातच लातूरचं स्थळ बघायला येणार, आणि त्या लोकांना मुलीचे केस लांब हवेत असा निरोप आलेला. आठवडा उरला होता. एका दुपारी सौदामिनी आईला सहज सांगितल्यासारखं म्हणाली, "साखरा समोरच्या खोलीतल्या भाडेकरूला दिसावं म्हणून केस मोकळे सोडते."

आईनं काही विचारलं नाही. मागच्या अंगणात सतरा वर्षांच्या साखराला पाटावर बसवलं, वेणी मानेपाशी मुठीत धरली आणि शिवणाची कात्री चालवली. वेणी जाड, चार-पाचदा चालवावी लागली. एकदा हात घसरला आणि डाव्या कानामागचे केस तिरके कापले गेले. वेणीचा शेंडा सौदामिनीच्या हातात होता, कारण आईनंच तो धरायला सांगितला होता. साखरा रडली नाही. दुसऱ्या दिवशी तिला गावाकडच्या गाडीत बसवून दिलं आणि त्या वेणीचं काळ्या दोऱ्यानं मूठ बांधलेलं सुरेख गंगावन झालं. त्या गंगावनावर सौदामिनीचं लग्न जमलं. साखराचं पुढे काय झालं हे तिनं कधी कुणाला विचारलं नाही. विचारायला तोंड होतं कुठे?

कॉलेजात पारंपरिक वेशभूषेचा दिवस आला तेव्हा उर्वीनं खोपा घालून दे म्हणून हट्ट धरला. खोप्याला केस पुरेनात, म्हणून बाईंनी पंचवीस वर्षं न उघडलेली ट्रंक उघडली. डांबरगोळ्यांच्या वासात, जुन्या शालूच्या घडीखाली, गंगावन होतं. मुठीच्या दोऱ्याखाली ते बोटभर पांढरं झालं होतं.

जुन्या वस्तूंचा रंग उडतो, असं मनाला समजावून बाईंनी नातीला विकतचं गंगावन आणून दिलं. पण चैन पडेना. घरात कुणी नसताना त्यांनी कढईत मेंदी भिजवली आणि गंगावनाला मुठीपासून शेंड्यापर्यंत लावली. रंग छान चढला. पंधरा दिवसांनी पाहिलं तर दोऱ्याखाली पुन्हा तांदळाएवढा पांढरा पट्टा आला होता आणि त्याखालून मेंदी सुरू होत होती. बाई कितीतरी वेळ तो पट्टा नखानं खरवडत बसल्या. शेजारणींना त्या नेहमी सांगायच्या, मेंदी उतरत नसते, खालून केस वाढत असतो.

मग दर रविवारी त्या ट्रंक उघडू लागल्या. गंगावनाला डांबरगोळ्यांचा वास येईनासा झाला, चुलीच्या धुराचा येऊ लागला. एकदा त्यात कापसाचं बोंड फुटल्यावर उडतो तसा पांढरा पुंजका अडकलेला मिळाला. एकदा ते मधूनच दमट लागलं, तेव्हा त्यांनी बाहेर पाहिलं. लातुरात लख्ख ऊन होतं. बाई पदरात तोंड लपवून रडल्या. भीतीपेक्षा शरमच जास्त होती. तिचं ऊन, तिचा पाऊस, तिचं म्हातारपण असं त्यांच्या शालूखाली येऊन पडत होतं, आणि लोकांना त्या सांगत होत्या, माझेच केस.

शेवटी त्यांनी ठरवलं, जायचं, गंगावन परत द्यायचं आणि आपण काय केलं ते तिच्या तोंडावर सांगायचं. त्याशिवाय मरण नीट येणार नाही असं त्यांना वाटू लागलं होतं. मुलाला नांदेडला जाते एवढंच सांगून त्या एसटीत बसल्या. नायगावहून पुढे जीप मिळाली. गावात विचारत विचारत घर सापडलं तेव्हा दुपार कलली होती. ओसरीवर एक बाई कापूस निवडत बसली होती. तोंडावर सुरकुत्यांचं जाळं आणि पदर कपाळापर्यंत ओढलेला.

"ये, सौदाताई," ती म्हणाली. "लई उशीर केलास."

बाईंना बसवलं, पाणी दिलं. घरात पुतण्या होता, त्याची बायको होती, दोघंही शेतात गेली होती. साखराबाईनं स्वतःच सांगितलं, "लगीन न्हाई झालं माझं. केस कापून धाडलेली पोर, कोन करून घेनार?"

सौदामिनीबाईंनी पिशवीतून कापडात गुंडाळलेलं गंगावन काढून तिच्या पुढ्यात ठेवलं.

"साखरा, मी खोटं बोलले होते."

"म्हाईत हाय मला. मामीला बी म्हाईत होतं."

"आईला?"

"कात्री चालवायच्या आदी माज्या कानात म्हनली, साखरे, तुजे येतील परत, सौदाला टाइम न्हाई." साखराबाई गंगावनावरून हात फिरवत होती, एखाद्या जनावराच्या पाठीवरून फिरवावा तसा. "तुजी मेंदी लई गार लागली बघ. दोन दिस शिंकत राहिले मी."

माफ कर, एवढं म्हणायला बाई दोनशे किलोमीटर आल्या होत्या आणि आता ते म्हणायचीसुद्धा लाज वाटत होती.

"पांढरे झाले म्हनून आनलेस व्हय?" साखराबाईनं विचारलं. आवाजात राग नव्हता, तेच जास्त लागलं. मग ती उठली, दार लोटून आली, कोपऱ्यातला पाट ओढला आणि बाईंकडे पाठ करून त्यावर ताठ मानेनं बसली.

"आनलेच हाईस तर लाव जागच्या जागी."

आणि तिनं डोक्यावरचा पदर खाली घेतला.

केस मानेपाशी कापलेले होते, काळेभोर, दाट, सतरा वर्षांच्या पोरीचे. डाव्या कानामागे ते तिरके होते. सुरकुतलेल्या मानेवर कात्रीतून नुकतेच गळलेले बारीक तुकडे अजून चिकटून होते.