विकत घेतलेलं गिऱ्हाईक

राजन्नाने दार उघडलं, मला पाहिलं आणि तोंडावर लावून घेतलं. निजामाबादची गल्ली, भर दुपार, आणि मी चपला काढून पायरीवर एक पाय ठेवलेला.

"राजन्ना, मैं बासरवाली द्वारकाबाई. पैचाने नहीं क्या?"

"पैचाने, अम्मा," आतून आवाज आला. "आपीच बेचे ना हमारा नाम? सुबू से पाँचवाँ आदमी है दरवाजे पे."

मी बासरला जमिनीची दलाली करते. बाईमाणूस दलाल म्हणून लोक आधी हसले, मग मुधोळच्या रजिस्ट्रीला मलाच पुढे घालून नेऊ लागले. सत्त्याण्णव साली गावाभोवती प्लॉट पडत होते. आमच्या देवळातल्या सरस्वतीपुढे पोराच्या हातून पहिलं अक्षर काढून घ्यायला कुठून कुठून आईबाप येतात. दमलेली माणसं, रडून लाल झालेली पोरं. ती माझ्या ओसरीवर टेकायची, मी पिठलं-भाकर वाढायची. मी जमिनीचा विषय कधी काढला नाही. उठता उठता एखादा आपणच विचारायचा, "अम्मा, इधर थोडी जगा मिलेगी?" एवढाच माझा धंदा.

राजन्ना बसकंडक्टर. त्याची पोरगी अक्षर काढून झाल्यावर माझ्या मांडीवर झोपली होती. "हात में पैसा आया तो आपसेच लेता," असं म्हणून गेला होता.

तेवढ्यात निजामाबादला एक ऑफिस उघडलं. दर महिन्याला पैसे भरा, प्लॉट घेणाऱ्यांची नावं-पत्ते घ्या. माझ्यासारखाच दलाल असलेला मारोतराव मला शहाणपण शिकवायला आला.

"द्वारकाबाई, तुमी काऊन भाकरी थापत बसता? पैसे भरा, घरबसल्या गिऱ्हाईक येते."

"घरबसल्या फक्त म्हातारपण येते, मारोतराव."

बोलले खरी, पण हंगाम कोरडा चालला होता. मी काही लोखंडाची नाही. भरले पैसे. पहिल्या खेपेची नावं म्हणजे सगळा आनंद. एकाने प्लॉट आधीच घेतलेला, एकाला भाड्याची खोली हवी होती, आणि एकाच्या घरी त्याचं तेरावं चालू होतं. तिथे मला जेवायला बसवलं. दुसऱ्या खेपेला राजन्नाचं नाव आलं.

माझ्याच ओसरीवर जेवून गेलेला माणूस मला विकला होता, आणि मला काय वाटावं? आनंद! म्हटलं, बरं झालं, ओळखीचं निघालं. पदर सावरून बसमध्ये चढले. देवळाच्या रस्त्यावर एक टोपीवाला वही घेऊन उभा असायचा. "लेकराला आशीर्वादाचं पत्र येईल," म्हणत आईबापाचे पत्ते उतरवून घ्यायचा. त्याला मी रोज बघत होते. हे कोणाच्या कामाचं, असं एकदाही विचारलं नाही. ती वही त्या ऑफिसात जात होती, हे आता राजन्नाच्या पायरीवर एकदम कळलं.

"मैं नहीं बेची, राजन्ना," मी दारापाशी तोंड नेऊन म्हटलं. "मैं तो खरीदी."

 आतून त्याच्या बायकोचा आवाज आला, "फरक क्या है, अम्मा?"

बांधावरून कुऱ्हाडी काढलेले भाऊ मी बोलून बोलून खाली बसवले आहेत. या बाईपुढे मात्र चपला घातल्या आणि निघाले.

घरी गेले नाही, सरळ त्या ऑफिसात जाऊन म्हटलं, तुमच्या यादीतून माझं नाव काढा. साहेब म्हणाला, नाव काढलं तर भरलेले पैसे परत नाहीत, आणि आमच्याशिवाय बासरात तुला कुत्रं विचारणार नाही.

"नाही विचारलं तर नाही," मी म्हटलं. "पण माझ्या घरी पाणी प्यालेल्या माणसाला तू बाजारात बसवलं. आता मी तुझ्या धंद्यात माती कालवते का नाही, बघ."

दुसऱ्या दिवशी टोपीवाल्याच्या शेजारीच बसकर टाकून बसले. येईल त्याला सांगायची, "पता नक्को बोलो. ये बेचता." त्याने शिव्या दिल्या, मी दिल्या. माझ्या जास्त निघाल्या. मारोतराव धावत आला.

"आमच्या पोटावर काऊन पाय देऊन राह्यल्या?"

"तुमचं पोट तुमच्यापाशी. माझ्या तोंडाले काळं लागलं, मी ते पुसून राह्यली."

वर्ष कठीण गेलं. मारोतरावाने स्कूटर घेतली, मी एक म्हैस विकली. राजन्नाने जागा घेतली ती मारोतरावाकडूनच, माझ्या घरामागची. पाया घालायला नवरा-बायको आले. त्यांची पोरगी ओळखून हसली आणि माझ्या ओसरीकडे पळत निघाली.

"उधर नक्को," आईने हाक मारली. पोरगी अर्ध्या वाटेवरून परतली.

वाईट वाटलं, खोटं कशाला बोलू. तिला बोलवावंसं फार वाटलं, पण बोलवलं नाही. बसकर काखेत मारलं आणि देवळाच्या रस्त्यावर टोपीवाल्याशेजारी जाऊन बसले. निजामाबादची बस येऊन थांबली होती, आणि माणसं लेकरांना कडेवर घेऊन उतरत होती.