आत्माराम तांबटाचा कलश

आत्माराम तांबट वारला आणि दुसऱ्या दिवसापासून त्याच्याविषयी कुणी काही बोललं, की ते तांब्याचा पत्रा होऊन खाली पडू लागलं.

आळीत या पत्र्यांचं कुणाला विशेष वाटलं नाही. भेटायला येणारे उंबऱ्याशी चपला काढत, भिंतीला टेकून बसत, 'फार कष्टाळू माणूस' म्हणत आणि मांडीवर पडलेला पत्रा बाजूला सारून चहा घेत. नगरसेवक पोफळे 'आळीचा आधार गेला' म्हणाले, तेव्हा नुसता वर्खासारखा पापुद्रा निघाला. पंख्याच्या वाऱ्यावर तो उडाला आणि त्यांच्याच टकलाला चिकटला. ते तसेच पुढे एका साखरपुड्याला गेले.

मला मात्र बरं वाटलं, कारण त्या घरात तांब्याची नड होती.

नड अशी. आत्मारामच्या अस्थी नाशकाला न्यायच्या होत्या, जीप दुपारी येणार होती आणि घरात कलश नव्हता. अख्ख्या तालुक्याला बंब आणि हंडे पुरवणाऱ्या माणसाच्या घरात तांब्याचा पेलासुद्धा नव्हता. तो घरासाठी म्हणून काहीतरी घडवायला घ्यायचा, गिऱ्हाईक यायचं, नेमकं त्याच्यावरच बोट ठेवायचं, आणि हा देऊन टाकायचा. पोरींची लग्नं, दिगंबरचं शिक्षण, आईचा मोतीबिंदू, सगळं त्या हंड्यांतून निघालं. घरात उरलं ते स्टील. अस्थी सध्या चकल्यांच्या डब्यात होत्या.

त्याची बायको, यमुनावहिनी, तो डबा मांडीवर घेऊन बसल्या होत्या.

"जन्मभर स्टीलच्या नावानं बोटं मोडली त्यांनी," त्या मला म्हणाल्या. "आता त्यातच घालून नेऊ का, भावजी?"

बाजारातून कलश आणू, असं मी सुचवून पाहिलं. पण बाजारातला कलश मशीनवर दाबलेला असतो, आणि तसला त्यानं उंबऱ्याच्या आत येऊ दिला नसता, असं त्यांचं म्हणणं. ते खरंच होतं.

तेव्हा दिगंबरनं बापाची मोगरी आणि हातोडी काढली आणि लोकांनी टाकलेले पत्रे ठोकायला घेतले. दिगंबर आता दोन पोरांचा बाप आहे, पण हात बरा आहे त्याचा. 'कष्टाळू' पहिल्या ठोक्याला फाटला. 'प्रेमळ' तर हातोडी उचलायच्या आतच फाटला. 'निर्व्यसनी' जरा टिकला आणि मग कडेपासून त्याचा भुगा झाला.

"सदाकाका, यात दमच नाही," तो म्हणाला.

मला संताप आला. या लोकांनी वर्षानुवर्षं आत्मारामचे हंडे वापरले. त्यांत पाणी तापवलं, पोरं न्हाऊ घातली, आणि आता त्याच्याविषयी दोन शब्द काढायचे तर हा पापुद्रा.

"सरका बाजूला," मी म्हणालो. आळीत माझ्याइतका बोलणारा दुसरा नाही.

मी सांगितलं की आत्मारामनं एकदा एवढा बंब घडवला होता, की पावसाला भिऊन अख्खी वरात त्यात शिरली, घोड्यासकट, आणि वाजंत्रीवाले दुसऱ्या दिवशी नळीतून बाहेर आले. धाडकन पत्रा पडला. दरवाजाएवढा, जाडजूड, लखलखीत. दिगंबरचा चेहरा उजळला. त्यानं ठोका घातला. पत्रा फाटला नाही. हातभर वाढला.

दुसऱ्या ठोक्याला आणखी हातभर. चहाचा ट्रे उलटला. मग पत्रा भिंतीवर चढायला लागला. दिगंबरनं हातोडी खाली ठेवली, तरी तो थांबेना. रचून सांगितलेल्या गोष्टीचा पत्रा वाढतच जातो, हे मला कुणी आधी सांगितलं नव्हतं. बसलेली माणसं हळूहळू दाराकडे ढकलली जाऊ लागली. कुलथे गुरुजींनी बसल्या बसल्याच चपला घातल्या.

"भावजी," यमुनावहिनी म्हणाल्या, "खरं सांगा. एकच सांगा. पण खरं."

मी प्रयत्न केला. तो चहा बशीतून प्यायचा, असं म्हणालो. हवा तसा पत्रा पडला, बेताचा, गोल, कलशाच्या मापाचा. वहिनी पुढे झुकल्या. आणि माझ्या तोंडून निघून गेलं, की त्या बशीत एकदा शेजारची शेळी पोहली. गोल पत्रा फुगला आणि जाऊन मोठ्याला मिळाला. तो लवकर उठायचा, असं सांगायला गेलो, तर कोंबडा त्यालाच विचारून आरवायचा, हे मागोमाग आलंच. मी तोंडावर हात दाबला. हातामागेही जीभ चालूच.

मला आत्मारामचाही राग आला. रोज दुपारी मी त्याच्या दुकानात बसायचो. त्या माणसानं मला सांगण्याजोगं एक वाक्य मागे ठेवू नये? पण तो काय बोलणार. ठोक्यांनी त्याचे कान केव्हाच गेले होते. आळीतल्या सगळ्याच तांबटांचे जातात. मी सांगायचो, तो ठोकायचा. 'पुरे' म्हणून त्यानं मला कधी थांबवलं नाही.

तोवर पत्र्यानं चारही भिंती व्यापल्या होत्या आणि कोपरे गिळले होते. खोली गोल झाली होती. बाहेर जीपचा हॉर्न वाजला. दाराच्या जागी उरलेल्या फटीतून माणसं आडवी होऊन निघाली. गुरुजी जाताना मला म्हणाले, की आटोपलं की जेवायला या. दिगंबर गेला. शेवटी डबा छातीशी धरून वहिनी गेल्या आणि फट मिटली.

मी एकटाच उरलो, आणि ऐकायला कुणी नाही म्हटल्यावर मला आठवलं.

भांडं झालं की आत्माराम त्याच्यावर एक ठोका मारायचा आणि लगेच तळहात टेकवायचा. कानानं ऐकू येत नसे, म्हणून हातानं ऐकायचा. कुठं बारीकशी चीर असली तर त्याला तळव्यात कळायची. आणि कधी कधी, मी अगदी रंगात आलो असलो, की तो हातोडी ठेवून माझ्या मागे यायचा.

"तो माझ्या पाठीवर तळहात ठेवून ऐकायचा," मी म्हणालो. आणि पुढं काही जोडलं नाही.

पत्रा पडला नाही. भिंतींवरचा वाढायचा थांबला.

मग बाहेरून हातोडी सुरू झाली. दिगंबरची नव्हे. दोन हलके, एक जड, आणि मध्ये भांडं फिरवण्यापुरती उसंत. ती चाल मी झोपेतही ओळखेन. प्रत्येक ठोक्याला तांबं बोटभर आत येत होतं. आधी खांद्यांना लागलं. मग मी गुडघे पोटाशी घेतले. डोक्यावर गळा वळला, त्याच्यावर काठ आला, आणि त्या गोल तोंडातून यमुनावहिनींनी आत पाहिलं.

"बसतंय का, भावजी?"

"बसतंय," मी म्हणालो.

"मग जरा सरका," त्या म्हणाल्या आणि त्यांनी चकल्यांच्या डब्याचं झाकण उघडलं.

मी सरकलो. बाहेर एक शेवटचा ठोका पडला आणि लगेच, तांब्याच्या पलीकडून, माझ्या पाठीमागे एक ऊबदार तळहात टेकला. जीप पुन्हा वाजली. माझ्या मनात त्या जीपविषयी एक फार सुरेख गोष्ट तयार झाली होती. ती घशापर्यंत आली होती. तळहात हलत नव्हता.