नारिंगी वाळू

"आजोबा, ती वाळू लागली की पाय पण नारिंगी होतात?"

भिंगरीने सकाळपासून हे इतक्यांदा विचारलं होतं की मास्तरांकडची उत्तरं संपत आली होती. आधी ते "हो" म्हणाले, मग "थोडे थोडे" म्हणाले. आता तिच्या सँडलचा पट्टा लावायच्या निमित्ताने त्यांनी मान खाली घातली ती वर काढलीच नाही.

"धुतले की जातो रंग."

"मग मी धुणारच नाही."

चार वर्षांची ही नात एका जागी ठरायची नाही, म्हणून भिंगरी. जहाजाच्या त्या एवढ्याशा केबिनमध्ये ती बादली घेऊन पलंगावरून खुर्चीवर आणि खुर्चीवरून पलंगावर उड्या मारत होती. तिची आई, म्हणजे मास्तरांची लेक, पिशवीत टोप्या, पाणी, बदलायचा फ्रॉक असं काय काय कोंबत होती.

"बाबा, बाईसाहेबांना बादलीभर वाळू घरी न्यायचीय. बालवाडीत सगळ्यांना सांगून आल्यात, माझ्या आजोबांच्या बेटावरची नारिंगी वाळू आणते म्हणून."

"सगळ्यांना?"

"शिपाईकाकांनासुद्धा."

 जहाजावर चढल्या दिवशीच मास्तरांनी जिन्यापाशी लावलेला त्या बेटाचा मोठा फोटो पाहिला होता. त्यात वाळू पिठासारखी पांढरी होती. भर उन्हात फोटो काढला की रंग उडतो, अशी त्यांनी स्वतःची समजूत घातली होती. पण ती समजूत घडी न बसणाऱ्या चादरीसारखी सारखी कुठून ना कुठून वर येत होती.

मास्तर म्हणजे शाळेतले मास्तर नव्हेत. त्यांचं उभं आयुष्य अशाच एका जहाजाच्या लॉन्ड्रीत गेलं. तिथल्या मुख्य माणसाला लॉन्ड्री मास्टर म्हणतात. घराजवळच्या गल्लीत त्याचं मास्तर झालं, आणि शेजारपाजारचे लोक पोरांची गणितं घेऊन दारात यायला लागले. मास्तरांना भागाकार कधी जमला नाही. पण नाही म्हणणं त्यांच्या स्वभावात नव्हतं. "उद्या बघू," म्हणत ते त्या पोराच्या शर्टाला कडक इस्त्री करून द्यायचे आणि परत पाठवायचे. पोराची आई खूश, पोरगं त्याहून खूश.

लॉन्ड्री जहाजाच्या अगदी तळाशी, पाण्याच्या पातळीच्या खाली. तिला खिडकी नव्हती. बाहेर सकाळ आहे की दुपार, ते कपड्यांवरून कळायचं. टेबलावरच्या चादरी आल्या म्हणजे लोकांची जेवणं उरकली. जहाज बेटाला लागलं की वर पोहणाऱ्यांचे टॉवेल गोळा व्हायचे आणि संध्याकाळी त्यांचे ढीगच्या ढीग खाली यायचे. म्हणजे बेटाचा दिवस हा मास्तरांच्या कामाचा सगळ्यात मोठा दिवस. हाताखालच्या पोरांना उतरून पाय मोकळे करायचे असायचे. "जा रे तुम्ही, मी आहे," असं मास्तर म्हणायचे. पहिली काही वर्षं मुद्दाम म्हणायचे, पुढे सवयीने. बेटावर उतरायचं ते राहूनच गेलं.

वादळांचे महिने आले की फेऱ्या बंद व्हायच्या. जहाज दुरुस्तीला गोदीत लागायचं आणि मास्तर घरी यायचे. साऱ्या जगाला धडकी भरवणारा तो मोसम त्यांच्या घरात मात्र वाट बघण्याचा. लेक लहान असताना एकदा जेवता जेवता हात जोडून मोठ्याने म्हणाली होती, "देवा, यंदा वादळं जरा जास्त पाठव." आईने तिच्या पाठीत धपाटा घातला.

"अगं कार्टे, लोकांची छपरं उडतात."

"मग समुद्रातल्या समुद्रात पाठव."

त्या महिन्यांत ती बापाच्या पाठीला चिकटलेली असायची. तिथे काय असतं, बाबा? मग काय झालं? आता खिडकी नसलेल्या खोलीतलं काय सांगणार? जहाज ठरल्या वारी ठरल्या बेटाला लागायचं, म्हणून मास्तर वारावारची बेटं सांगायला लागले. सोमवारच्या बेटावर म्हणे माकडं छत्र्या पळवतात. मंगळवारच्या बेटावर निळ्या दाराचं घर आहे आणि तिथली म्हातारी येणाऱ्या-जाणाऱ्याला विहिरीचं पाणी पाजते. माकडं आणि म्हातारी शुद्ध थापा होत्या. पण गुरुवारच्या बेटावरची नारिंगी वाळू ही थाप नव्हती. गुरुवारचे टॉवेल नारिंगी डाग घेऊनच यायचे. ड्रायरच्या जाळीत साठलेले वाळूचे कण नारिंगी असायचे. ते मास्तरांनी बोटांनी चोळून पाहिले होते. सगळ्या बेटांमधलं एवढं एकच त्यांचं स्वतःचं, डोळ्यांनी पाहिलेलं.

लेकीने शाळेत समुद्राचं चित्र काढलं तेव्हा वाळू नारिंगी रंगवली. बाईंनी खोडून परत करायला सांगितलं. ती म्हणाली, माझ्या बाबांनी पाहिलीय. बाई म्हणाल्या, तरी खोड. तिने खोडलं नाही आणि तासभर वर्गाबाहेर उभी राहिली. घरी आल्यावर हे तिने रुबाबात सांगितलं होतं, आणि त्या दिवशी मास्तरांना जेवण गेलं नव्हतं.

लेकीची आई गेल्यावर घर सुनं झालं, तेव्हा लेकीनेच हे ठरवलं. वादळं सरल्यानंतरची पहिली फेरी, तीच बेटं. "दरवर्षी या दिवसांत तुम्हाला सोडायला यायचे आणि रडत परतायचे," ती म्हणाली होती. "एकदा बरोबर येते की." मास्तरांनी गुडघ्याचं कारण सांगून पाहिलं, समुद्र लागतो असंही सांगून पाहिलं. त्यावर लेक इतकी हसली की त्यांनाच हसू आलं.

सोमवारचं आणि मंगळवारचं बेट कसंबसं निभावलं. माकडं दिसली नाहीत. "वादळात पळाली असतील डोंगरात," मास्तर म्हणाले. निळं दार नव्हतं. "वादळात गेलं असेल." लेक "हो ना" म्हणाली आणि भिंगरीला आइसक्रीम घेऊन दिलं. पण गुरुवार टळणार नव्हता.

धक्क्यावरून किनाऱ्याकडे जाणारी फळ्यांची वाट होती. भिंगरी पुढे धावली आणि वाटेच्या टोकाला थबकली. मास्तर मागून पोहोचले. समोर पांढरी वाळू होती. फोटोत होती त्याहून पांढरी. लांबपर्यंत, जिकडे बघावं तिकडे, नुसती धुतल्यासारखी.

"नारिंगी कुठाय?"

मास्तरांनी डोळ्यांवर हात धरून डावीकडे पाहिलं, उजवीकडे पाहिलं. काही हरवलेलं शोधतोय असं.

"वाहून गेली गं बाळा," शेवटी ते म्हणाले. "यंदा वादळं काय कमी झाली? समुद्राने ओढून नेली सगळी."

"यंदा?" शेजारून आवाज आला. वाटेच्या कडेला छत्रीखाली एक बाई छोट्या बाटल्या मांडून बसली होती. "यंदा वादळ इकडे फिरकलंसुद्धा नाही, आजोबा. लांबून वळसा घालून गेलं. आमच्या छपराचा पत्रादेखील हलला नाही."

"मग मागच्या वर्षीच्यात गेली असेल," लेक पटकन म्हणाली.

"काय गेली असेल?"

"नारिंगी वाळू," भिंगरी म्हणाली. तिचा खालचा ओठ थरथरायला लागला होता.

"नारिंगी?" बाटलीवाली हसली. "माझा जन्म इथला, माझ्या आईचा जन्म इथला. वाळू पांढरीच की गं, राणी."

झालं. मास्तरांना वाटलं, फळ्यांच्या वाटेनेच उलट पावली जावं, थेट खाली, आपल्या जागी. त्यांनी लेकीकडे पाहिलं नाही. पाहायला लागू नये म्हणून बाटल्यांकडे पाहिलं.

बाटल्यांत तेल होतं. नारिंगी.

पलीकडे एक जाडजूड गृहस्थ ते तेल अंगाला चोपडून पालथे पडले होते. त्यांनी कूस बदलली. खालच्या पांढऱ्या टॉवेलवर त्यांच्या खांद्याचा, ढेरीचा नारिंगी ठसा उमटला होता, आणि कडेने ओघळलेल्या तेलात भिजलेले वाळूचे कण ड्रायरच्या जाळीतल्यासारखे, अगदी तसेच.

मास्तरांनी एक बाटली उचलली, बूच काढलं आणि नाकाशी नेली. त्या भर उन्हात त्यांना वाफ लागल्यासारखं झालं. यंत्रांची घरघर, ओल्या कापडाचा दर्प, आणि त्यात मिसळलेला हा गोडसर वास. गुरुवार. इतकी वर्षं त्यांना वाटत होतं, हा त्या वाळूचा वास आहे.

"गाजराचं आहे," बाई म्हणाली. "ऊन बाधत नाही म्हणतात. आई करायची, आता मी करते. लावून बघा."

"डाग निघत नाही याचा," मास्तर म्हणाले.

"ते मात्र खरं. तुम्हाला कसं ठाऊक?"

"मी जहाजावर होतो. खाली, लॉन्ड्रीत." ते थांबले. लेक अगदी जवळ उभी होती. पण आता लपवून काय उपयोग होता? "दर गुरुवारी टॉवेल असे व्हायचे. मला वाटायचं, इथली वाळूच रंग सोडते. म्हणून वरच्या साहेबाला सांगून कडक नियम करवून घेतला होता. गुरुवारी जहाजावर चढताना ज्याने त्याने आपला टॉवेल झटकूनच यायचं. डाग काही कमी झाले नाहीत."

 बाटलीवालीने कपाळावर हात मारून घेतला.

"अगं आई. ते तुम्ही होय?"

"काय मी?"

"अहो, लहानपणी आम्ही पोरं त्या धक्क्यावर बसून बघायचो. बाकीच्या जहाजांची माणसं सरळ चढून जायची. पण गुरुवारच्या जहाजाची सगळी माणसं ओळीत उभी राहून टॉवेल झटकायची. सुटाबुटातलेसुद्धा. आई म्हणायची, यांच्यात निरोप घ्यायची रीत असेल. मग आम्ही पण इकडून फडकी झटकायचो. जहाज दिसेनासं होईपर्यंत." ती हसत सुटली. "अजून आमच्या घरी अंथरूण झटकलं की कुणीतरी म्हणतंच, चला, जहाज सुटलं. माझा नातू म्हणतो. त्याने तर ते जहाज पाहिलंही नाही."

 मास्तर खाली खिडकी नसलेल्या खोलीत ढीग मोजत उभे असताना वर हे चाललं होतं. किनाऱ्यावरून पोरं फडकी हलवत होती.

लेकीने एक बाटली विकत घेतली. ती वाळूत बसली, भिंगरीची बादली पुढे ओढली, तीत वाळू भरली आणि वरून अख्खी बाटली उपडी केली.

"कालव हातांनी," ती म्हणाली.

भिंगरीने दोन्ही हात कोपरापर्यंत बादलीत घातले. पांढरं हळूहळू पिवळं झालं, मग केशरी, मग पक्कं नारिंगी.

"निघाली," ती आजोबांना बजावून सांगत म्हणाली. "खाली लपली होती."

मास्तर लेकीशेजारी बसले. 

"तुला केव्हा कळलं?" त्यांनी विचारलं.

"तुम्ही उतरत नव्हता ते? आईने सांगितलं होतं. मी दहावीत होते."

"मग त्यानंतरही इतकी वर्षं माकडं कशाला ऐकत बसलीस?"

"तुम्ही सांगायला बसायचात ना, बाबा." तिने त्यांच्या पाठीवरची वाळू झटकली. "निळ्या दाराची म्हातारी मात्र मला खरीच वाटायची."

"ती तुझ्या आजीवरून घेतली होती."

"तरीच."

परतताना भिंगरी चालायला तयार नव्हती. बादली लेकीने घेतली, नात मास्तरांनी कडेवर घेतली. गुडघा कुरकुरला, तिकडे त्यांनी लक्ष दिलं नाही. धक्क्यावर वळून पाहिलं तर छत्रीखालची बाई उभी राहून डोक्यावरचं फडकं हवेत झटकत होती. आजूबाजूच्या लोकांना वाटलं, धूळ झटकतेय.

केबिनमध्ये आल्यावर भिंगरी फ्रॉक न बदलताच झोपून गेली. मास्तरांनी शर्ट काढला तेव्हा खांद्यावर तिच्या हाताचा ठसा दिसला. पाचही बोटं, नारिंगी.

ते सवयीने न्हाणीत गेले. गार पाणी सोडलं, कोरडा साबण डागावर फिरवला. गरम पाणी लागलं की हा डाग कायमचा बसतो, हे त्यांना झोपेतही ठाऊक होतं.

"द्या इकडे, बाबा," लेक दारात येऊन म्हणाली. "मी टाकते धुवायला. खाली जाईल."

"खाली नको," मास्तर म्हणाले.

त्यांनी हात थांबवला. एकदा शर्टाकडे, एकदा झोपलेल्या नातीकडे पाहिलं. मग गार पाण्याचा नळ बंद केला आणि गरम पाण्याचा सोडला.