दुरूस्तीसाठी बंद

स्टेशनावर उतरले आणि पहिली चूक सामानघराच्या दारावरच भेटली. हिरव्या पाटीवर पांढऱ्या अक्षरांत लिहिलं होतं, 'दुरूस्तीसाठी बंद'. त्यातला रू दीर्घ. आता दुरुस्तीतला रु ऱ्हस्व असतो हे शाळेत शिकवतात, आणि मी तर चौतीस वर्षं छापखान्यात दुसऱ्यांच्या चुका काढायची नोकरी केलेली बाई. निवृत्त होऊन आठ वर्षं झाली, तरी हात आपोआप पर्समधल्या लाल पेनाकडे गेला. मग म्हटलं, बाई, उतरून पाच मिनिटं नाही झाली, जरा दम खा.

दम खायला शहरानं जागा ठेवली नव्हती. टॅक्सीच्या रांगेच्या जागी गवत उगवलं होतं आणि रांगेतल्या पहिल्या नंबरावर एक कुत्रं झोपलं होतं. मी बॅग ओढत मुख्य रस्त्यानं चालत निघाले. लहानपणी याच फुटपाथवर इतके धक्के लागायचे की आई माझा हात सोडत नसे. आता अख्खा फुटपाथ माझा. बॅगेच्या चाकांचा खडखडाट समोरच्या भिंतीवर आपटून परत येत होता.

सिनेमागृह, दुरूस्तीसाठी बंद. वाचनालय, दुरूस्तीसाठी बंद. पोहण्याचा तलावही तसाच. जाळीतून आत डोकावले तर तलावात पुरुषभर झुडपं आणि त्यात उडी मारायची फळी एकटीच पुढे आलेली. दिव्यांचा कारखाना, ज्याच्या जिवावर हे शहर उभं राहिलं आणि ज्याच्या कामगारांची घरं फुकटच्या दिव्यांनी झगझगायची, त्याच्या फाटकावर पलंगाएवढी पाटी: दुरूस्तीसाठी बंद. तो कारखाना बंद पडून वीस वर्षं झाली. परक्या माणसाला वाटावं, काय हो हे शहर, केवढं काम काढलंय एकदम. मला वाटेत एक गवंडी दिसला नाही.

आणि सगळीकडे तोच हिरवा रंग, तेच अक्षर, तोच दीर्घ रू. अक्षर मी लगेच ओळखलं. ते माझ्या दादाचं होतं.

लॉजवाल्यानं पुढं केलेल्या फॉर्मवर 'येण्याचं कारण' असा रकाना होता. जन्मगावी आलेल्या माणसानं तिथं काय लिहावं? सख्खा भाऊ दहा मिनिटांवर राहत असताना लॉजमध्ये का उतरलात, हे तर त्याहून विचारू नये. मी 'पर्यटन' लिहिलं. लॉजवाल्यानं ते दोनदा वाचलं, मग आतल्या खोलीकडे मान वळवून बायकोला म्हणाला, "अगं, पर्यटक आल्यात." बायको पदराला हात पुसत मला बघायला बाहेर आली. बघून झाल्यावर परत गेली.

लिफ्टवरही पाटी होतीच.

"कधीपासून बंद आहे?" मी विचारलं.

"लिफ्ट ना?" त्यानं बायकोला हाक मारून विचारलं आणि मग मला सांगितलं, "आमच्या लग्नाच्या आधीपासून."

"मग दुरुस्ती कधी होणार?"

"मॅडम, तसं नसतं ते," तो समजुतीच्या सुरात म्हणाला. "आमचा पेंटर दुसरं काही लिहून देतच नाही. 'कायमचं बंद' लिहा म्हटलं तर म्हणतो, ते मला लिहिता येत नाही. सिनेमावाल्यानं हात जोडले, वाचनालयाच्या बाई रडल्या, हा ऐकेल तर शपथ. माणूस लाखात एक, फक्त शुद्धलेखनाच्या नावानं बोंब. दीर्घ पेंटर म्हणतो आम्ही त्याला."

मी किल्ली घेऊन तीन जिने चढले. 'दीर्घ पेंटर' हे नाव माझं देणं आहे.

त्याचं असं झालं. दादा सव्वीस वर्षांचा, मी बावीसची, नुकतीच छापखान्यात लागलेली आणि डोकं आभाळाला टेकलेलं. बाबांनी शिवणयंत्रं दुरुस्त करायचं दुकान काढलं आणि पाटी दादानं रंगवली, आयुष्यातली पहिली. आठ रात्री जागून. उद्घाटनाला निम्मी गल्ली जमली होती. बाबांनी पाटीवरचं कापड ओढलं, लोकांनी टाळ्या वाजवल्या, आणि टाळ्या थांबायच्या नेमक्या क्षणी मी मोठ्यानं म्हणाले, "दुरुस्तीतला रु ऱ्हस्व असतो." लोक असे हसले की बाबांनासुद्धा हसावं लागलं. तेवढ्यावर थांबले असते तर ती मी कसली. पर्समधून लाल पेन काढून त्या ओल्या पाटीवर रूच्या शेपटाभोवती मी गोल केला.

दादा त्या दिवसापासून दीर्घ झाला. माझ्याशी भांडला नाही, हेच वाईट. भांडला असता तर मिटलं असतं. पुढं चाळीस-बेचाळीस वर्षं आम्ही लग्नांत आणि मयतांत भेटलो आणि फोटोत दोन टोकांना उभे राहिलो. वहिनी गेली तेव्हाही मी सकाळी येऊन संध्याकाळी परत गेले. माफी मागायची म्हणून आले होते, पण जीभ रेटली नाही. दुसऱ्यांच्या चुका काढायची सवय लागली की स्वतःची कुठून काढायची तेच कळत नाही.

मग मागच्या आठवड्यात दादाच्या खोलीखालच्या सलूनवाल्याचा फोन आला. "ताई, दादा शिडीवरून पडले. हाडं शाबूत आहेत, पण मी महिनाअखेर दुकान सोडून मुलीकडे चाललोय. या रस्त्यावर मी शेवटचा. माझ्यामागं त्यांना उचलायला कुणी नाही. एक तर त्यांना घेऊन जा, नाही तर शिडी घेऊन जा."

म्हणून मी आले होते. परतीची दोन तिकिटं पर्समध्ये होती, दुसऱ्या दिवशी दुपारची. दादाला ती माहीत नव्हती.

लॉजमधून दादाच्या खोलीकडे जाताना पाट्या पुन्हा वाचत गेले. वाचायला दुसरं होतं काय? आणि तेव्हा लक्षात आलं, त्या सगळ्या एकसारख्या नव्हत्या. कारखान्याची, सिनेमाची, म्हणजे जुन्या पाट्यांची, अक्षरं कशी ठाम बसलेली. दवाखान्याच्या पाटीवर रूचं वळण थोडं हललेलं. बुटांच्या दुकानावर जास्त. त्याच्या पुढच्या शिंप्याकडे तर सरळ रेघा सरळ होत्या, पण वळण आलं की हात थरथरलेला स्पष्ट दिसत होता, आणि ते झाकायला वरून रंगाचा दुसरा थर दिलेला. सलूनवाल्यानं फोनवर हे सांगितलं नव्हतं. शिडीचा दोष नव्हता तर. मी उगाचच भरभर चालायला लागले.

सलूनवाला एकुलत्या एका खुर्चीत स्वतःच बसून पेपर वाचत होता. त्यानं नुसतं वर बोट दाखवलं.

दादा खिडकीपाशी टेबलावर वाकला होता. डोक्यावरचं सगळं पांढरं, मनगटाला पट्टी. मला बघून त्यानं ब्रश खाली ठेवला आणि उजवा हात डाव्या हातानं धरला, सहज धरावा तसा.

"कोण मेलं?" तो म्हणाला.

"कुणी नाही. फिरायला आले."

"इथं?"

"लॉजवाल्याला विचार. लेखी दिलंय."

तो हसला नाही, पण त्यानं स्टुलावरचे रंगाचे डबे उचलून खाली ठेवले. मी बसले. खोलीत टर्पेंटाइनचा वास, दोरीवर रंगाच्या चिंध्या, आणि भिंतीशी एकाला एक लावून ठेवलेल्या कोऱ्या फळ्या. टेबलावर अर्धवट पाटी होती. 'दु', मग मोकळी जागा, मग 'स्तीसाठी बंद'.

"ही खालच्याची का?"

"हं. वाळतेय."

"मधलं अक्षर न काढताच?"

"आपापली पद्धत असते," दादा म्हणाला. "तुला कोण विचारतंय?"

मी तिकिटं काढून टेबलावर ठेवली. सरळ सांगितलं की माझ्याकडे दोन खोल्या आहेत, एकीत मी घोरते आणि दुसरी रिकामी आहे, उद्या दुपारी निघायचं. वाटलं होतं तिकिटं खिडकीबाहेर जातील. त्यानं ती डोळ्यांजवळ नेऊन नीट वाचली आणि परत ठेवली.

"अर्धी पाटी टाकून कुणी जातं का? ही झाली की बघू."

"कधी होणार?"

"होईल."

"किती दिवस झाले हिला?"

खालून सलूनवाला ओरडला, "आठ." जिना लाकडी होता आणि त्याचे कान तिखट होते.

मी त्या मोकळ्या जागेकडे बघत बसले. सरळ रेघा सगळ्या झाल्या होत्या. 'दु'चा उकार त्यानं कसाबसा, दोनदा पुसून काढला होता, पुसल्याची सावली दिसत होती. रू मात्र जमला नव्हता. तिथला पाटीचा हिरवा रंग घासून घासून इतर जागेपेक्षा फिकट झाला होता. आठ दिवस हा माणूस एक शेपूट काढायचा प्रयत्न करत होता. आणि ते निघत नव्हतं, म्हणून त्याला कुठं जावंही लागत नव्हतं.

"दादा, ऱ्हस्व काढ ना," मी म्हणाले. "त्याला वळण कमी लागतं."

बोलले आणि जीभ चावली. बेचाळीस वर्षांनी पुन्हा तेच. पण दादानं माझ्याकडे बघितलं, आणि आल्यापासून पहिल्यांदा त्याच्या तोंडावर जुना खवचटपणा आला.

"शहाणे, तुला काय वाटलं, ऱ्हस्व-दीर्घ तुला एकटीलाच कळतं? बाबांच्या दुकानाची चुकली, ती खरोखर चुकली. नंतरच्या कळून लिहिल्या."

"मुद्दाम? माझ्यावर सूड म्हणून?"

"पहिली वीस वर्षं सूड म्हणूनच," तो प्रामाणिकपणे म्हणाला. "मग कारखाना बंद पडला. त्याची पाटी करायला घेतली. एवढ्या मोठ्या फाटकासमोर उभा राहिलो, आत चार हजार माणसांच्या सायकलींचा मोकळा स्टँड, आणि वाटलं, ही दुरुस्ती काय ऱ्हस्वात मावायची? वेळ लागणार हिला. म्हणून दीर्घ."

"आणि 'कायमचं बंद'?"

"ते लिहायला मी देव आहे का?" त्यानं हात सोडला, आणि तो टेबलावर थरथरायला लागला. त्यानं परत धरला. "ज्याला उघडायचं असेल त्यानं उघडावं. पाटी आड यायला नको."

मला त्याला खूप काही ऐकवायचं होतं. तलावातल्या झुडपांबद्दल, लिफ्टबद्दल, की या शहराला फसवून तू म्हातारा झालास. त्यातलं काहीच तोंडातून निघालं नाही. निघालं ते हे: "त्या दिवशी मी गप्प बसायला हवं होतं. मला चूक दिसत होती, तू दिसत नव्हतास. माझं चुकलं, दादा."

दादा खिडकीतून खाली बघायला लागला. रस्त्यावर बघण्यासारखं काही नव्हतं.

"ते मला तेव्हाच माहीत होतं," तो म्हणाला. "तुला आत्ता कळलं एवढंच."

मी उठले आणि ब्रश उचलला. त्यानं अडवलं नाही. टेबलाशी त्यानं मला खांदे धरून फिरवलं, मनगट टेकवायची पेंटरांची काठी डाव्या हातात दिली आणि सांगितलं, रंग थोडा घे, श्वास सोडताना ओढ, मधे थांबू नको. मी 'र' काढला. जरा पोट सुटलेला, पण र. मग वळणाशी आले आणि माझा हात थांबला. चौतीस वर्षं या एका शेपटाला मी काट मारली होती. हजारो वेळा. पाठ्यपुस्तकांत, दिनदर्शिकांवर, लोकांच्या लग्नपत्रिकांत.

"रंग ओघळेल," दादा म्हणाला.

मी श्वास सोडला आणि ओढलं. दीर्घ. चांगलं लांब, खालच्या काठापर्यंत.

दादानं पाटी उचलून उजेडात धरली. मग लांब धरली. हात हलत होते म्हणून पाटीही हलत होती.

"चुकलंय," तो म्हणाला.

"असू दे."

त्यानं पाटी जिन्यातून खाली दिली. सलूनवाल्यानं ती घेतली आणि पेपरानं तिला वारा घालत बसला. दादा परत आला, भिंतीशी लावलेल्या फळ्यांतून एक काढली, चिंधीनं दोन्हीकडून पुसली आणि टेबलावर ठेवली. त्याच मापाची.

"आता ही कुणाची?" मी विचारलं.

"या खोलीची," दादा म्हणाला. "रू तू आधी काढ. मी बाकीचं त्याच्या मापानं बसवतो."