चौदा गोळ्या

पैज लागली जिन्यात. शेजारचा शिंपी म्हणाला, "तुझ्या अण्णांच्या रोजच्या गोळ्या दहाच्या वर जातात."

"हॅट! दहाच्या आतच."

"हरलास तर बेकरीसमोर स्टुलावर उभा राहून तीनदा कोंबड्यासारखा आरवशील?"

"तू हरलास तर तू आरव!"

सगळी गल्ली माझ्या खोड्यांनी वैतागलेली, त्यामुळे साक्षीदारांची वाण नव्हती. अण्णांचा त्या दिवसाचा गोळ्यांचा डबा उपडा केला. चौदा! शिंप्यानं टाळी मागितली, पण माझा हात वर येईना. गेला महिनाभर अण्णा जेवता जेवता पेंगत होते, उठताना झोकांडी जात होती, आणि मला 'दादा' म्हणत होते. दादा म्हणजे त्यांचा थोरला भाऊ, जाऊन वीस वर्षं झाली. जो तो म्हणे, "वय झालं." मीही तेच म्हणत होतो. आणि रोज तो डबा भरत होतो मीच, न मोजता.

अख्ख्या हॉस्पिटलात म्हाताऱ्यांची डॉक्टर एकच, बाहेर ही रांग. डॉक्टरबाईंनी आमची गोळ्यांची पिशवी टेबलावर ओतली.

"ही कुणी दिली?"

"हृदयवाल्यांनी."

"आणि ही?"

"किडनीवाल्यांनी."

"दोन्ही एकच औषध. प्रेशरचं. नावं तेवढी वेगळी."

बाईंनी अण्णांना झोपवून प्रेशर मोजलं, मग उभं करून. उभं राहताच आकडा धाडकन खाली आला.

"एकमेकांनी काय दिलंय हे डॉक्टरांना कळतच नाही. पुढेमागे सगळ्यांची औषधं कॉम्प्युटरवर एका जागी दिसतीलही. तोवर सगळ्या गोळ्यांची यादी तुमच्या खिशात हवी." त्यांनी दोन गोळ्या बंद केल्या. "झोपेची गोळी मात्र एकदम थांबवायची नाही. मी लिहिलंय तशी कमी करत न्या."

"बाई, डोकं ठिकाणावर येईल ना त्यांचं?"

"गोळ्यांमुळे असेल तर दोन-तीन आठवड्यांत फरक दिसेल. नसेल, तर तेही कळेल."

ते 'नसेल' माझ्या मानगुटीवरच बसलं. रोज सकाळी विचारायचो, "अण्णा, मी कोण?" पेंग कमी झाली, पाय जरा सावरले. पण सतराव्या दिवशीही उत्तर तेच, "असं काय करतोस, दादा?"

अठराव्या दिवशी शिंपी पैजेसाठी खनपटीलाच बसला. रविवार, बेकरीसमोर ही गर्दी. अण्णांना त्याच्या दुकानाबाहेर खुर्चीत बसवलं आणि मी स्टुलावर चढलो. पहिल्यांदा आरवलो, पोरं खिदळली. दुसऱ्यांदा आरवलो, स्टूल डुगडुगलं.

अण्णा खुर्चीचे हात धरून उठले. आता पडतात! शिंपी पुढे धावला, त्यांनी त्याला हातानंच थोपवलं. दोन पावलं टाकली. थांबले. पुन्हा दोन.

"पोरा, उतर खाली. पडशील. तुझी आई मला बोलेल."

आईला जाऊन सहा वर्षं झालीत. पण मी पोरगा होतो. आज तरी.

"तिसरं राहिलं!" शिंपी ओरडला.

मी तोंड उघडलं. आवाज असा चिरकला की अख्खी बेकरी बाहेर आली.