टाळी पडली की

उभ्या संसारात ज्या माणसानं मला रोज संध्याकाळी करवतीनं मधोमध कापलं, तो माणूस एक दिवस शर्टाच्या बाहीत पाय घालत बसला होता.

आमचे हे जादूगार, आणि मी पेटीतली बाई. आत्ताआत्तापर्यंत हे टोपीतून कबूतर काढायचे, आता टोपी कुठे घालतात तेच विसरले. चालताना भेलकांडायला लागले. लेक म्हणाली, "आई, हे वय नाही. वय इतकं घाईनं येत नसतं." आणि तिनं आम्हाला मेंदूच्या डॉक्टरीणबाईंपुढे नेऊन बसवलं.

बाई वयानं लेकीएवढ्याच, पण चेहऱ्यावरची रेघ हलेल तर शपथ! त्यांनी माझ्या हातातला रुमाल घेऊन त्याची घडी घातली. "मेंदूत एक प्रथिन असतं. त्याची घडी अशी ठरलेली असते. कधी एखाद्याची घडी चुकते, आणि मग ते शेजारच्यालाही तसंच चुकायला लावतं."

"म्हणजे वर्गातलं वात्रट कार्टं," मी म्हटलं.

"तसं समजा. हाच रोग असेल, तर औषध नाही. पण दुसराही एक असू शकतो. त्यात शरीर स्वतःच्याच मेंदूवर उलटतं. त्याला औषध आहे. सुरुवातीला दोन्ही सारखेच वाटतात."

"मग आम्हाला तो दुसराच द्या," मी म्हटलं, भाजीवाल्याला सांगावं तसं.

तेवढ्यात यांनी तो रुमाल ओढून मुठीत कोंबला, फुंकर मारली, मूठ उघडली. रुमाल तिथेच! हे आमच्याकडेच रागानं बघायला लागले.

मग यांना वॉर्डात दाखल करून तपासण्या सुरू झाल्या. डोक्याला तारा चिकटवल्या. धडाडधूम वाजणाऱ्या नळकांड्यात घालून फोटो काढले. पाठीच्या मणक्यातून पाणी काढलं. ते म्हणे चांगल्या प्रथिनात मिसळून हलवत ठेवतात. चांगलंही बिघडायला लागलं, की समजायचं, पहिलाच रोग.

"मग पक्कं कळेल?"

"बहुधा. अगदी पक्कं मेंदूचा तुकडा बघितल्यावरच. बहुतेक वेळा ते नंतरच होतं."

"कशाच्या नंतर?"

लेकीनं माझा हात दाबला. वा रे वा! अहो, पेटी आम्हीही उघडून दाखवायचो, पण आतला माणूस जिवंत असायचा!

माझी बडबड चालू असतानाच बाईंनी फाडकन टाळी वाजवली. हे उसळले, पुढे झुकले, आणि यांचा डावा हात बाजूला गेला. "दचकतात," बाई म्हणाल्या. "हे पहिल्या रोगात दिसतं."

"दचकतायत कुठे? अभिवादन करतायत!" माझं डोकंच फिरलं. "टाळी पडली की हे वाकतात आणि हात करून मला दाखवतात. कापलेली बाई मी ना! मी कधी पडद्याआडून उगवायची, कधी प्रेक्षकांतून. पण कुठूनही आले तरी यांचा हात बरोबर माझ्याकडे. एकदाही चुकला नाही!"

मी यांच्या डावीकडेच उभी होते. बाईंचं पेन थांबलं.

झालं! वॉर्डभर बोभाटा झाला. परिचारिका औषध देण्याआधी टाळी वाजवायच्या. सफाईवाला झाडू काखेत धरून वाजवायचा. मोठे डॉक्टर विद्यार्थ्यांचा तांडा घेऊन आले. निम्मे म्हणाले दचकणं, निम्मे म्हणाले अभिवादन, शेवटी हात वर करून मतं घेतली. शेजारच्या खाटेवरचे आजोबा "पुन्हा एकदा!" म्हणून ओरडायचे. आणि दर वेळी यांचा हात माझ्याकडेच. मी डावीकडची खुर्ची सोडलीच नाही. जेवण तिथं, डुलकी तिथं.

"आई, एकदा दुसऱ्या बाजूला बस ना," लेक म्हणाली.

"तू गप्प बैस."

दुसऱ्या रोगाचं औषधही देऊन झालं. काही गुण आला नाही. मी म्हटलं, औषधाला वेळ लागतो.

मग पाण्याचा निकाल आला. बाई खाटेशी आल्या. आज त्यांच्या चेहऱ्यावरची रेघ हलली. "चांगलंही बिघडलं," त्या म्हणाल्या. "बहुधा पहिलाच."

"बहुधा ना? मग यांचा हात..."

"हो, हात." त्या हळू आवाजात म्हणाल्या, "त्याचं तुम्हीच सांगा."

असा संताप आला मला! एवढीशी पोर, आणि नेमकं तिथंच बोट ठेवलं. मी उठले. खाटेला वळसा घालून उजवीकडे गेले. "वाजवा," म्हटलं.

टाळी पडली. हे उसळले. हात डावीकडे गेला, माझ्या रिकाम्या खुर्चीकडे.

शेजारच्या आजोबांनी कूस बदलली.

मी परत डावीकडे आले. खुर्ची बाजूला सारली आणि ताठ उभी राहिले. लेकीला म्हटलं, "आता तू वाजव. जोरात."

ती रडत होती, तरी तिनं वाजवली. यांचा हात माझ्याकडे आला. मी पेटीतून नुकती सबंध बाहेर पडल्यासारखी हसले आणि कमरेतून वाकले.