करडा की निळा

बाईंच्या काळ्या गाडीवरचे ओरखडे सगळ्यांत आधी दिसले ते ताईंना. सकाळचं ऊन तिरकं पडलं होतं आणि त्या ऑफिसला निघता निघता पोर्चमध्ये क्षणभर थबकल्या. "मामा, बॉनेटवर हे काय झालंय? कुणी तारेची घासणी फिरवल्यासारखं दिसतंय."

मामा वाकले. बॉनेटवरून तळहात फिरवला, मान तिरपी केली आणि म्हणाले, "टॉवेल खराब निघाला असेल. बघतो मी."

ताई म्हणजे बाईंची मुलगी. बाई एके काळच्या कडक मुख्याध्यापिका, पण आता दोन्ही किडन्यांनी हात टेकले होते. ठरलेल्या दिवशी डायलिसिसला न्यायचं, संपेपर्यंत थांबायचं आणि पिळून काढल्यासारख्या झालेल्या बाईंना हलक्या हाताने घरी आणायचं, हे मामांचं काम. बाईंना दुसऱ्या कुणाचं ड्रायव्हिंग चालत नसे. खड्डा कसा घ्यायचा हे फक्त मामांना कळतं, असं त्या म्हणत. आसपासचे ड्रायव्हर त्यांना 'आरसेमामा' म्हणायचे, कारण त्यांनी पुसलेल्या गाडीत बघून माणसाने खुशाल भांग पाडावा.

आणि त्याच गाडीवर आता ओरखडे. मामा दिवसभर जेवले नाहीत.

संध्याकाळी ते मामींना घेऊन दुकानात गेले. गाड्यांचं सामान विकणाऱ्या त्या दुकानात टॉवेलांची नुसती चळत लागली होती. मामांनी एकेक टॉवेल उचलून गालाला लावला, ओठांवरून फिरवला. कडेची शिवण नखाने चाचपली. दुकानदाराला हे गिऱ्हाईक नवं नव्हतं. तो गालातल्या गालात हसत होता.

"बायकोसाठी शालू घेतानासुद्धा एवढं बघितलं नव्हतं यांनी," मामी म्हणाल्या.

"शालूने रंगाला ओरखडे पडत नाहीत," मामा म्हणाले. मग दुकानदाराकडे वळून, "अंगावर दाट लव असलेला दाखवा. पाणी पिणारा हवा, नुसतं पुढे ढकलणारा नको. आणि चाकांसाठी वेगळा. चाकांवर ब्रेकची लोखंडी पूड असते, तो टॉवेल चुकूनही रंगाला लागता कामा नये."

"मग असं करा," दुकानदार म्हणाला, "अंगासाठी हे निळे न्या, चाकांसाठी हा करडा. म्हणजे घोळच नको."

मामांनी दोन्ही टॉवेल हातात घेतले. दुकानात पांढरा दिवा होता. त्यांनी एक टॉवेल डोळ्यांच्या बाजूला धरला, मग दुसरा. "हा करडा ना?"

"हो, तोच," दुकानदार म्हणाला.

मामींनी ते ऐकलं. पण घरी उद्याची भाजी निवडायची होती, आणि बाईमाणसाचं लक्ष एका वेळी किती ठिकाणी असणार. ते तेवढ्यावर राहिलं.

खरं काय ते मामांना ठाऊक होतं. डाव्या डोळ्यासमोर मधोमध धुराचा एक ठिपका येऊन बसला होता. आधी त्यांना वाटलं चष्मा मळलाय. मग चष्मा बदलला, ठिपका बदलला नाही. समोरच्या माणसाचे कान दिसत, खांदे दिसत, चेहरा मात्र कुणी ओल्या बोटाने पुसल्यासारखा. उजवा डोळा धड होता, तोवर चाललं. पण अलीकडे उजव्यालाही दाराची सरळ चौकट वाकडी दिसू लागली होती आणि रंग धुऊन धुऊन विटल्यासारखे झाले होते. मामांनी हे कुणाला सांगितलं नाही. सांगितलं की खरं होईल, अशी त्यांची समजूत होती. टॉवेल बदलता येतो. डोळ्याचं काय करायचं, हे त्यांना माहीत नव्हतं, म्हणून ते टॉवेलाच्या मागे लागले.

लागले म्हणजे हात धुऊन लागले. नव्या टॉवेलांची लेबलं त्यांनी कात्रीने कापली. ते घरच्या कपड्यांत न मिसळता वेगळे धुतले, सुगंधी द्रावाचा थेंबही लागू दिला नाही, कारण त्याने लव चिकटते आणि पाणी शोषत नाही. एक टॉवेल वाळत घालताना खाली पडला, तर मातीचा कण अडकला असेल म्हणून तो थेट मोरी पुसायला दिला. गाडीवर टॉवेल नुसता पसरायचा, हलकेच ओढायचा, घासायचं नाही, हे तर त्यांच्या हाडीमाशी मुरलेलं होतं. तरी ओरखडे वाढतच गेले. बॉनेटवरून दारांवर आले, दारांवरून टपावर.

त्यानंतर ताई एकदाच बोलल्या, तेही अगदी सांभाळून. "मामा, तुम्हाला जड होत असेल तर गाडी बाहेर धुवायला देऊ या का?"

"नको," मामा म्हणाले. "टॉवेलच धड मिळत नाहीत. मी दुसरं दुकान बघतो."

ताई मान डोलावून निघून गेल्या. आता मामांच्या हातून होत नाही असं त्यांना वाटतंय, हे मामांना बरोबर कळलं. रात्री जेवताना त्यांनी मामींना सगळ्या टॉवेल बनवणाऱ्यांचा उद्धार करून दाखवला. मामी म्हणाल्या, "नाचता येईना, अंगण वाकडं." त्या गमतीने बोलल्या होत्या, पण मामा पानावरून उठले.

दुसऱ्याच दिवशी ते डबा घरी विसरले. मामी डबा घेऊन बाईंच्या बंगल्यावर आल्या आणि फाटकातच थांबल्या. मामा गाडी पुसत होते. गाडीमागच्या दोरीवर दोन निळे टॉवेल टांगलेले होते, कोरडे, घडीसुद्धा न मोडलेले. मामांच्या हातात करडा होता. त्याची एक कड चाकांच्या काजळीने काळी पडली होती, आणि तोच टॉवेल मामा, तान्ह्या बाळाचं अंग टिपावं तशा मायेने, बॉनेटवर पसरत होते.

मामी जवळ गेल्या. "अहो, तुमच्या हातात कुठला टॉवेल आहे?"

"निळा. का?"

"नीट बघून सांगा."

मामांनी टॉवेल उचलला. मान वळवली, डोळ्याच्या कोपऱ्यातून बघितलं. "निळाच आहे."

मामींनी दोरीवरचा निळा टॉवेल काढून त्यांच्या दुसऱ्या हातात दिला. मामा दोन्हीकडे बघत राहिले, एकदा इकडे, एकदा तिकडे. मग त्यांनी दोन्ही टॉवेल बॉनेटवर ठेवले आणि पायरीवर खाली बसले.

"कधीपासून?" मामींनी विचारलं.

"झाला बराच काळ."

"आणि तुम्ही गाडी चालवताय."

"रस्ता मला पाठ आहे गं. डोळे मिटून जाईन."

"रस्ता पाठ असेल. रस्त्यावरची माणसं पाठ आहेत का?"

त्यांनी मामींचा हात धरला. चारचौघांत बायकोचा हात धरणारा हा माणूस नव्हे. "आजचा दिवस जाऊ दे. बाईंची वेळ झाली आहे. ताई ऑफिसात आहेत, आयत्या वेळी कोण मिळणार? चुकवलं तर बाईंना श्वास लागतो. आज नेऊन आणतो, संध्याकाळी मी स्वतः ताईंना सांगतो. तुझी शपथ."

मामींना नाही म्हणायला हवं होतं. पण तेवढ्यात काठी टेकत बाई दारात आल्या. चेहरा सुजलेला, दोन पावलांतच धाप. मामींनी त्यांच्याकडे पाहिलं, नवऱ्याकडे पाहिलं, आणि दार उघडून स्वतः पुढच्या सीटवर जाऊन बसल्या. "मलाही हॉस्पिटलात काम आहे," त्या बाईंना म्हणाल्या.

मामांनी गाडी काढली. ते इतकी हळू चालवत होते की मागून भोंगे वाजू लागले. मामी दबक्या आवाजात सांगत होत्या, "डावीकडे सायकल. सिग्नल लाल झालाय. अजून लाल आहे." मामांच्या मानेवरून घाम ओघळत होता. हॉस्पिटल जवळ आलं, कमान दिसू लागली. मामींनी सुटकेचा श्वास सोडला आणि बाईंची फाइल हातात आहे ना हे बघायला मागे वळल्या.

धप्प असा आवाज झाला.

मामांनी ब्रेक दाबला. गाडी जागच्या जागी उभी राहिली. त्यांना काहीच दिसलं नव्हतं. ना आधी, ना आता. काचेपलीकडे नुसता धूर होता आणि त्या धुरात कुणीतरी मेलं आहे, एवढंच त्यांना कळत होतं. त्यांनी डोळे मिटून घेतले. "बघ," ते मामींना म्हणाले. "तू बघ. मला सांग."

समोर फिक्या शर्टातला एक म्हातारा उभा होता. गाडी अंगावर येतेय म्हणून त्याने बॉनेटवर पंजा आपटला होता. त्याच्या गुडघ्यात आणि बंपरमध्ये वीतभरही जागा नव्हती. त्याने मामांकडे पाहिलं, काहीतरी पुटपुटला आणि पिशवी सावरत निघून गेला.

"काही झालं नाही," मामी म्हणाल्या. "गेला तो. चालत गेला."

मामांनी इंजिन बंद केलं. किल्ली काढली, मागे न बघता हात मागे केला. "बाई, ही घ्या. मला दिसत नाही."

बाईंनी किल्ली घेतली नाही लगेच. मागचे भोंगे वाढले. मग त्यांच्या थकल्या बोटांनी ती मामांच्या तळव्यावरून उचलली.

"मला वाटत होतं, तुम्हाला माझा कंटाळा आलाय," बाई म्हणाल्या. "रोगी माणसाची ने-आण करून वैताग येतो कुणालाही. तो राग गाडीवर काढताय असं वाटलं, म्हणून मी ताईला बोलू देत नव्हते."

"राग कसला, बाई."

"मामा, माझा जीव तसाही सुईवर टांगलेला आहे. माझं मी बघून घेतलं असतं. पण त्या माणसाला घरी वाट बघणारं कुणी असेल." त्या शाळेतल्या आवाजात बोलल्या नाहीत. ओरडल्या असत्या तर मामांना बरं वाटलं असतं.

कमानीवरच्या रखवालदाराने हातभार लावून गाडी कडेला ढकलली. व्हीलचेअर आली, बाई आत गेल्या. मामींनी मामांचा दंड धरला आणि विचारत विचारत डोळ्यांच्या विभागात नेलं. तिथे त्यांना एका खुर्चीत बसवलं. समोरच्या भिंतीवर पाटी आहे, तिच्यावरची अक्षरं वाचा, असं सांगितलं. मामांना पाटीची कड दिसली. भिंत दिसली, भिंतीवरचा पंखासुद्धा दिसला.

"अक्षरं कुठे आहेत?" त्यांनी विचारलं.

डॉक्टरीण तरुण होती आणि गोड बोलण्याच्या भानगडीत पडली नाही. डावा डोळा आता परत यायचा नाही. उजव्यात इंजेक्शनं देऊन आहे ते काही काळ राखता येईल, पण लवकर आला असतात तर जास्त राखता आलं असतं. गाडी चालवणं आजपासून बंद.

"धुतली तर?" मामांनी विचारलं.

"गाडी धुवायला काही हरकत नाही," ती म्हणाली.

मामांनी मान हलवली, पण बाहेर बाकावर येऊन बसल्यावर ते मामींना म्हणाले, "नको. ज्याला करडा की निळा कळत नाही, त्याने दुसऱ्याच्या गाडीला हात लावू नये." मामी म्हणाल्या, टॉवेलांना मी गाठी मारून देईन, हाताला कळतील. त्यांचे हात मांडीवर उलटे पडले होते.

बऱ्याच वेळाने ताई धावत आल्या. बाईंनी फोनवर सगळं सांगितलं असावं. त्या मामांसमोर उभ्या राहिल्या, पण ओरडल्या नाहीत, समजूतही घातली नाही. "मी आईला घेऊन जाईन," एवढंच म्हणाल्या, आणि घाईने आत गेल्या. मामा सवयीने त्यांच्यामागे जायला उठले. मामींनी सदरा धरून त्यांना खाली बसवलं.

बोळात माणसांची ये-जा चालू होती. मामांना पावलं ऐकू येत होती, चेहरा एकाचाही नव्हता.

"बाई बाहेर आल्या की सांग मला," ते म्हणाले.

"सांगते," मामी म्हणाल्या, आणि दाराकडे बघत बसल्या.